अर्ध्या तासाचे पाय

मालगुजारी कायद्यानं जाऊन चार वर्षं झाली होती, पण गावचे जमीनमालक मालगुजार गुणवंतरावांच्या ओसरीला तो कायदा कुणी वाचून दाखवला नव्हता. मजुरी अजून तिथंच मोजली जाई, आणि तीही लाखोरी डाळीत. धान बाजारात, लाखोरी मजुरांच्या पोटात.

इस्तारी ढिवराचे पाय दोन वर्षांपासून आवळले होते. गुडघे एकमेकांवर घासत, टाचा टेकत नसत. गावात असे अकरा जण. तलावात उभं राहून जाळं फेकणारा गडी काठावर बसून जाळी विणत होता. एकदा, फक्त एकदा पाण्यात उभं राहून जाळं फेकायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"गावाचं नाव खराब होऊन राह्यलं," म्हणून गुणवंतरावांनी नागपूरचा डॉक्टर बोलावला. मजुरीचा दिवस होता, मजूर बायका टोपली भरून घेत होत्या; तिथंच ओसरीवर डॉक्टरनं बॅटरीची पेटी उघडून ओल्या पट्ट्या इस्तारीच्या मांड्यांवर बांधल्या. मुंग्या डसल्यासारखं झालं, मांस आपोआप फडफडलं, आणि थोड्या वेळानं पाय सैल पडले. इस्तारी काठीशिवाय उभा राहिला. त्याची बायको गोकुळा रडायलाच लागली.

"किती दिस टिकन, डॉक्टरसायेब?" इस्तारीनं विचारलं.

"दिवस? अर्धा तास. आधी लाखोरी बंद करा. गेलेले पाय येणार नाहीत, राहिलेल्यांचे वाचतील."

गुणवंतराव खदखदून हसले. "डाळीनं कुठी पाय जाते? आमचे बापजादे हेच देत आले!"

खरंच. देतच आले होते, खात आले नव्हते.

"घे रे इस्तारी, बक्षीस!" पायलीभर लाखोरी टोपल्यात पडली.

तलाव समोरच होता. गोकुळानं जाळं सोबत आणलं होतं. "चला न जी," ती म्हणाली.

इस्तारी टोपलं घेऊन निघाला, पण तबेल्याकडे. गुणवंतरावांच्या पांढऱ्या घोडीपुढं त्यानं सगळी लाखोरी ओतली. घोडीनं तोंड घातलं.

"अबे ए, हरामखोर!" गुणवंतराव अनवाणी धावले. "काऊन टाकली? पाय जातीन न तिचे!"

डॉक्टरचा वायर गुंडाळणारा हात थांबला.

"कोणी सांगतलं तुमाले, मालक?" इस्तारीनं विचारलं.

मालकाला सवड नव्हती. ते घोडीच्या तोंडातून दाणे उकरत होते.

गोकुळानं आपलं मजुरीचं टोपलं ओसरीवर पालथं केलं. "आमाले धान मोजा." मग दुसऱ्या मजूर बाईनंही केलं.

इस्तारीच्या मांड्या पुन्हा आवळत होत्या. घोडीचा खुंटा धरून तो तलावाकडे बघत उभा होता. जाळं कोरडंच राहिलं.