सुंदरराव मास्तरांचा नेम

सुंदरराव मास्तर पोरांवर हात उगारत नसत, आणि ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून ऐकवत. धारूरच्या डोंगरकडेला असलेल्या त्या गावात त्यांच्या आधी जे मास्तर होते, ते पोरांना घोडीवर चढवत. म्हणजे आढ्याला दोर टाकायचा, पोराचे हात त्याला बांधायचे आणि पाय जमिनीपासून वीतभर सुटतील इतकं वर ओढून ठेवायचं. एका पोराचा खांदा निखळला तो पुन्हा नीट बसलाच नाही, आणि ते मास्तर एका सकाळी वळकटी घेऊन जे गेले ते गेलेच. त्यांच्या जागी निजाम सरकारनं बीडहून सुंदररावांना पाठवलं, तेव्हा फसली साल १३३० चालू होतं. आल्या दिवशीच त्यांनी मारुतीपुढं शपथ घेतली, की या हातानं लेकराला मारणार नाही.

शपथ घ्यायला काय लागतं! शाळा भरायची मारुतीच्याच देवळात, ओवरीत. तीस-बत्तीस पोरं, सहा ते आठ वर्षांची, आणि त्यांना सांभाळायला एकटे मास्तर. एक पोर रडायला लागलं की चार रडत, एक लघवीला उठलं की दहा उठत. कुणी दुसऱ्याच्या पाटीवर थुंकून ती पुसून टाकी, कुणी पाढे चालू असताना बकरीचं करडू ओवरीत सोडून देई. आठ दिवसांत मास्तरांचा घसा बसला आणि महिन्याभरात शपथेचा पश्चात्ताप व्हायची वेळ आली.

या सगळ्यांचा म्होरक्या बंकट, विठ्ठलराव पाटलांचा धाकटा मुलगा. सात वर्षांचं पोर, पण खोड्या काढण्यात मोठ्यांनाही मागं टाकायचं. मास्तरांनी शिकवायला तोंड उघडलं, की हा उठायचा आणि देवळाची घंटा बडवायला लागायचा. बस म्हटलं तर म्हणायचा, देवाला घंटा वाजवली, त्यात काय चुकलं? आता पाटलाच्या पोराला देवाची घंटा वाजवू नको असं कोण सांगणार? ओवरीवरचं छप्पर पाटलांनी घातलेलं, आणि मास्तर राहत ती खोलीसुद्धा पाटलांचीच. मास्तर मूग गिळून बसत आणि घंटा थांबली की पुन्हा पहिल्यापासून पाढा सुरू करत.

शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. युक्ती कसली, त्यांच्या लहानपणच्या शाळेतलीच ती रीत. प्रश्न विचारायचा. ज्याला उत्तर येत नाही तो उभा राहील. ज्याला येतं त्यानं डाव्या हातानं त्याचं नाक धरायचं आणि उजव्या हातानं थोबाडीत द्यायची. मारणाऱ्यानं ओळखीपाळखीनं हळू मारलं, तर तिसऱ्यानं उठून मारणाऱ्यालाच जोरात द्यायची. मास्तर याला नेम म्हणत. नेमात मास्तरांचा हात कुठंच नव्हता, म्हणून शपथही मोडत नव्हती. आपण केवढी हुशारी केली असं त्यांना वाटलं, आणि त्या भल्या माणसाला यातलं वाईट काय ते खरोखरच दिसलं नाही.

नेम लागू झाला आणि पोरं जरा दबली. पण नेम चालायला उत्तरं येणारं कुणीतरी लागतं, आणि वर्गात तसं एकच पोर होतं. सटवा, आप्पा धनगराचा.

सटव्याला शाळेत आणलं होतं ते मास्तरांनीच. देवळाच्या पायरीशी कोकरं राखत बसलेलं ते पोरगं आतले पाढे नुसते ऐकून पाठ म्हणतं, हे त्यांच्या एकदा कानावर पडलं. त्यांनी मुद्दाम अर्ध्याची निमकी विचारली, पावाची पावकी विचारली, पोरानं कोकरावरची नजर न काढता सगळं सांगितलं. त्या दिवशी मास्तर भुकेचंही भान विसरले. ते तडक गावाबाहेर धनगरांच्या पालांवर गेले आणि आप्पाच्या मागंच लागले. आप्पा हो म्हणेना. पोरगं शाळेत बसलं तर कोकरं कोण राखील, असं त्याचं सरळ म्हणणं. सटव्याची आई चतुराबाई हिनं मात्र एवढंच विचारलं, की पोराला तिथं कुणी मारणार तर नाही ना. मास्तर म्हणाले, माझ्या पोटच्या पोरासारखा सांभाळीन. मग तिनंच आप्पाला गळ घातली आणि तो कसाबसा हो म्हणाला. धारूरच्या मोठ्या शाळेत या मुलाला घालायचं, सरकारी वजिफा म्हणजे शिष्यवृत्ती मिळवून द्यायची, असं त्यांनी परत येताना वाटेतच ठरवून टाकलं होतं. त्यांच्या नोकरीच्या साऱ्या वर्षांत असं पोर त्यांना दुसरं मिळालं नव्हतं.

सुगी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. बंकटनं त्या दिवशी घंटेचा नुसता उच्छाद मांडला. मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी बंकटला उभं केलं आणि विचारलं, सात चोक किती? बंकट हसत उभा राहिला. मास्तरांनी सटव्याकडं बोट केलं. सटवा म्हणाला, अठ्ठावीस.

"मग नेमाप्रमाणं कर," मास्तर म्हणाले.

सटवा उठला. पाटलाच्या पोराचं नाक त्यानं धरल्यासारखं केलं आणि गालाला नुसता हात लावला. सात वर्षांच्या पोरालाही गावात कुणाला हात लावावा आणि कुणाला नाही हे कळत होतं, तेवढं मास्तरांना त्या घडीला कळलं नाही. हळू मारलंस, असं म्हणून त्यांनी वर्गातल्या थोराड बिभीषणाला उठवलं. बिभीषणानं सटव्याच्या अशी कानशिलात दिली की पोरगं खांबावर जाऊन आदळलं. मग ते डोळे पुसत परत आलं आणि त्यानं बंकटच्या थोबाडीत खाडकन लावली. पाची बोटं गालावर उठली.

ओवरी चिडीचूप झाली. बंकटसुद्धा रडला नाही, नुसता बघत राहिला. त्या शांततेत मास्तरांनी सातापासून बारापर्यंतचे पाढे घेतले, आणि आज आपली शाळा शाळेसारखी झाली या समाधानात ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाटलांचं बोलावणं आलं. मास्तर भीतभीतच वाड्यावर गेले. पण विठ्ठलराव आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मास्तरांना सतरंजीवर बसवलं, पान पुढं केलं, पाऊसपाण्याचं विचारलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमी तर कुनाला हात लावत न्हाई. समद्या गावाला म्हायती हाय. मंग ह्ये धनगराच्या पोराला कुनी शिकवलं?"

मी सांगितलं, असं मास्तरांनी तिथं म्हणायला हवं होतं. दोनच शब्द होते. ते ओठापर्यंत आलेही. पण पाटलांनी पळवाट आयती पुढं ठेवली होती, आणि मास्तर तिच्यातून निसटले. ते म्हणाले, पोरं आहेत, आपापसांत होतं असं.

पाटलांनी मान हलवली. या वर्षी रानात मेंढरं बसवायला दुसरा कुणी धनगर बघतो आहे, असं ते सहज बोलल्यासारखं बोलले. सुगी झाली की मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला आणि त्या बदल्यात जोंधळा धनगराला. आप्पाच्या घरी वर्षाचा दाणा येई तो असाच. आणि पाटील ज्याला नाही म्हणतील त्याची मेंढरं गावात कुणीच बसवून घेणार नव्हतं. मास्तर गयावया करायला लागले, लेकरू आहे, चुकलं, पदरात घ्या.

"घेतलं की," विठ्ठलराव म्हणाले. "आमी काय राक्षस हाओत का? तुमच्या शाळंचा नेम हाय नं, येतं त्यानं येत न्हाई त्याला मारायचं? आमाला मान्य हाय. आमच्या पोराला आलं न्हाई, त्यानं खाल्ली. आता धनगराला न येनारं इचारा. उद्या मी सोता येतो बघाया."

मास्तर सावकाश उठले. बंकटला येतं आणि सटव्याला येत नाही असं साऱ्या अंकगणितात काहीच नव्हतं. हे पाटलांनाही ठाऊक असणार.

तिथून ते थेट पालांवर गेले. आप्पाला बातमी आधीच पोचली होती. तो हात जोडून उभा राहिला, मास्तर सांगतील तसं करतो म्हणाला. मास्तर खाली बघत म्हणाले, की उद्या सटव्यानं कशाचंच उत्तर देऊ नये, गप्प राहावं, एक दिवसाचा प्रश्न आहे. पोरगं आईला चिकटून ऐकत होतं. त्याच्या कानाशेजारचा बिभीषणाचा वळ अजून निळा होता. चतुराबाईनं त्याला आणखी जवळ ओढलं. मग म्हणाली, "येत आसून येत न्हाई म्हनायचं? मंग शिकवलं कावून, मास्तर?"

मास्तर उठले आणि पायवाटेनं गावाकडं चालू लागले.

सकाळी विठ्ठलराव दोन माणसं घेऊन आले आणि देवळाच्या कट्ट्यावर बसले. आप्पा पायरीखाली उभा राहिला. मास्तरांनी बंकटला विचारलं, तीन त्रिक? बंकटला येईना. पाटलांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर पाढ्यांत खाली उतरले, अगदी तळाशी आले आणि म्हणाले, बे दुणे?

बंकट म्हणाला, "चार."

"सटवा, तू सांग. बे दुणे?"

सटव्याचे ओठ हलले. त्यानं ते दातांखाली दाबून धरले आणि मान खाली घातली. बंकटनं त्याचं नाक धरलं आणि पहिली लावली. चांगली मोजूनमापून लावली, आपला परवाचा गाल लक्षात ठेवून. आनखी इचारा, पाटील म्हणाले. मास्तरांनी विचारलं. बे एके, बे त्रिक, बे चोक. दर खेपेला बंकट उत्तर देई, सटवा गप्प राही आणि थोबाडीत बसे. वर्गातली पोरं आधी हसत होती, मग त्यांचंही हसू आटलं. बे पंचेला बंकट अडखळला. तो नऊ म्हणाला, आणि सवयीनं, नुसत्या सवयीनं सटव्याच्या तोंडून निघालं, "धा."

आप्पा दोन ढांगांत पायऱ्या चढून आत आला, पोराच्या मागं गुडघे टेकून बसला आणि आपला राठ पंजा त्यानं त्याच्या तोंडावर दाबून धरला. डोळे, नाक आणि गाल तेवढे उघडे राहिले. "आता इचारा, मास्तर," तो म्हणाला. मास्तरांनी पुढचे प्रश्नही विचारले. बंकट चुकला तरी त्याला आता कुणी चूक म्हणत नव्हतं. बे दाहेपर्यंत पाढा पुरा झाला तेव्हा पाटील उठले, मास्तरांना रामराम केला आणि आप्पाला म्हणाले, की आजपासून मळ्यातल्या रानात मेंढरं बसव.

मास्तरांनी नेम त्याच दिवशी बंद केला. त्याची आता गरजच उरली नव्हती. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत हळू बोलत, कुणी घंटेला हात लावीना. सटवा रोज येई. आप्पाच त्याला पोचवून जाई, न पाठवावं तर पाटलांना राग आल्यासारखं दिसेल म्हणून. तो पायरीजवळच्या जागेवर पाटी घेऊन बसे. मास्तर मुद्दाम त्याला काही विचारत नसत. थोडे दिवस जाऊ देत, लेकरू आहे, विसरेल, असं ते स्वतःला समजावत.

होळीच्या सुमाराला बीडहून शाळाखात्याचे अधिकारी, मोहतमीम साहेब, शाळा तपासायला आले. ओवरीभर लहान पोरं मांडी घालून बसलेली आणि एकाचा श्वास ऐकू येत नाही, हे पाहून साहेब खूश झाले. इतक्या लहान मुलांची इतकी शिस्त आपण या भागात पाहिली नाही, असं ते उर्दूत म्हणाले, आणि शेऱ्याच्या वहीत तसं लिहिलं. वजिफ्यासाठी एखादा हुशार मुलगा आहे का, असं त्यांनी जाता जाता विचारलं. आहे साहेब, मास्तर म्हणाले, उद्या सकाळी तुमच्या मुक्कामावर घेऊन येतो.

शाळा सुटल्यावर त्यांनी सटव्याला मागं थांबवून घेतलं. सगळी पोरं गेल्याची खात्री केली. मग ते त्याच्यासमोर जमिनीवरच बसले आणि पहिल्यांदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सटवा, आता इथं कुणी नाही. पाटील नाहीत, बंकट नाही. तुला सगळं येतं, मला माहीत आहे. सांग बाळा, बे दुणे किती?"

"मला न्हाई येत."

"अरे, भिऊ नकोस. सात चोक सांग. तुझं आवडतं."

पोरानं खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. मास्तर त्याच्या तोंडाकडं बघत होते. ओठ या वेळी जरासुद्धा हलले नाहीत.

"न्हाई येत, मास्तर," ते म्हणालं.

मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. नाक धरायला दुसरं कुणीच नव्हतं. तेव्हा सटव्यानं डाव्या हातानं आपलं नाक आपणच धरलं, डोळे मिटले आणि गाल मास्तरांच्या पुढं केला.