पोटाखाली हात

टबातलं पिल्लू तिने एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने वडिलांना बाजूला सारलं. पिल्लू कसलं, पिळायला विसरलेला पिवळा बोळाच तो. मान तिच्या बोटांवरून खाली लोंबत होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि लव अंगाला इतकी चिकटलेली की आतलं गुलाबी कातडं दिसत होतं. काल सकाळी अंड्यातून बाहेर आलं तेव्हाही ते याहून धड होतं.

"किती वेळ होतं पाण्यात?"

वडील न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर उकिडवे बसले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अंगात बनियन आणि गळ्यात अजूनही ती शिट्टी.

"फार नाही," ते म्हणाले. "पाच मोजले."

"फक्त पाच?"

"म्हणजे, पाच-पाच करत. सुरुवातीला पाय मारत होतं चांगलं. म्हटलं, आता धरेल, आता धरेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दोरीवरचा टॉवेल ओढला. त्याबरोबर दोन चिमटे उडून टबात पडले.

"सकाळी मी काय सांगून गेले होते, सर?"

तीस वर्षं तलावावर पोहणं शिकवल्यामुळे अख्खं गाव त्यांना सर म्हणे. ती घरात बाबा म्हणायची. तिच्या तोंडून सर निघालं की पारा चढलाय हे शेजारच्या मांजरालाही कळत असे.

"ऐकलं होतं मी," सर म्हणाले. "पण बदकाचं पिल्लू आहे. पाण्यातलाच जीव. त्याला काय शिकवावं लागतं होय?"

विसरले असते तर तिने सोडून दिलं असतं. चौऱ्याहत्तरीत माणूस विसरतो. पण हे विसरले नव्हते. दारात चप्पल घालताना तिने सांगितलेला शब्द न् शब्द त्यांनी नीट ऐकला होता, आणि मग आपल्याला जास्त कळतं असं ठरवून कानामागे टाकला होता. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय?

ती पिल्लू घेऊन कामाच्या खोलीत गेली. ती कवळ्या बनवत असे. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेणाच्या पट्ट्या, चिमटे, कानशी, आणि मध्यभागी मान वाकवता येणारा तिचा दिवा. कालपासून तो दिवा पिल्लाच्या खोक्यावर वाकलेला होता आणि ती खिडकीच्या उजेडात डोळे ताणून दात बसवत होती.

पिल्लू घरात आलं तेही कवळीमुळेच. गावाबाहेर बदकं पाळणारी एक म्हातारी होती. तिची कवळी सारखी निसटायची, ती हिने नीट बसवून दिली. दोन्ही गालांनी चावून खाता येऊ लागल्याच्या आनंदात बदकवालीने टोपलीभर अंडी आणून दिली. गडबडीत उबायला बसलेल्या बदकाखालचं एक त्यात आलं. ऑम्लेटसाठी ते फोडायला घेतलं, तर हातातल्या हातात हललं आणि आतून टकटक झाली. तिने फोन केला.

"परत आणू नकोस," बदकवाली म्हणाली. "बाकीची टोचून मारतील. तूच सांभाळ. ऊब दे. खाली टॉवेल घाल, कागद नको, पाय फाकतात. पाणी बशीत, तेही गोटे घालून, चोच बुडेल एवढंच. आणि पोहायला घालायचं नाही, सांगून ठेवते. आईच्या पोटाखाली बसून तिचं तेल लवेला लागतं. याला आई नाही. हे पाण्यात गेलं की भिजून गारठून मरेल."

हे सगळं तिने सरांना दोनदा सांगितलं होतं.

तिने पिल्लाला टॉवेलात हलकं हलकं टिपलं. चोळायचं नाही, टिपायचं. मग कुर्त्याच्या गळ्यातून आत घेतलं आणि छातीशी धरून दिव्याखाली बसली. थंडगार ओलेपणा थेट कातडीला लागला. आत काहीच हालचाल नव्हती. थोड्या वेळाने अगदी बारीक काहीतरी फडफडलं. ते पिल्लाचं काळीज होतं की तिचंच, हे तिला ठरवता येईना.

सर दारात येऊन उभे राहिले.

"जगेल का?"

"तुम्हीच सांगा. पाण्यातले जाणकार तुम्ही."

त्यांच्या पायजम्यातून पाणी टपकत होतं. त्या टपटपीने तिला आणखीच चीड आली.

सहा वर्षांची होती ती. सुट्टीतला वर्ग, काठावर पोरांच्या आया-बापांची रांग. पोटाखाली सरांचा हात. रुंद, ओळखीचा, पाण्यातसुद्धा गरम. धरलंय मी, ते म्हणत होते, मार पाय, धरलंय. ती पाय मारत होती आणि काठाकडे बघून हसतही होती. मग तिने सहज खाली पाहिलं, तर तिथे नुसतं हिरवं पाणी. हात केव्हाच गेला होता आणि आवाज मात्र अजून धरलंय म्हणत होता. नाकातोंडात पाणी गेलं. वर काढल्यावर तिने पहिला ऐकला तो काठावरचा हशा. पाच मोजेपर्यंत कुणी बुडत नाही, सर त्या लोकांना समजावून सांगत होते. हीच पद्धत. सगळ्या पोरांना हीच.

इतर पोरं शिकली, हेही खरं. चार हजार पोरं शिकवली असतील त्यांनी. फक्त पोटची मुलगी त्या दिवसानंतर गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नाही. हा घरातला कायमचा विनोद होता. सरांची मुलगी आणि बादलीला घाबरते. ती स्वतःही पाहुण्यांत हसायची. हसू आवरलं की रात्रभर जबडा दुखायचा.

आणि इतकं असूनही, गेल्याच आठवड्यात तिने मान डोलावली होती. तिची मुलगी, ठकी, सात वर्षांची. तिला आजोबांकडूनच पोहायला शिकायचं होतं. सोमवारपासून तलावावर नेतो, सर म्हणाले होते. तलावाचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता. पालकाच्या सहीची जागा तेवढी राहिली होती.

ती उठली, एका हाताने पिल्लू सांभाळत स्वयंपाकघरात गेली, फॉर्म ओढून काढला आणि परत येऊन टेबलाच्या खणात टाकला. खण बंद केला तेव्हा वरचे जबडे खडखडले.

"ठकी येणार नाही सोमवारी."

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून?" आवाज चढला तसं पिल्लू आत दचकलं, म्हणून पुढचं ती दातांवर दात ठेवून बोलली. "तुम्हाला सांगितलेलं कळतं, सर. तुम्ही ऐकत नाही. समोरचा जीव बुडत असला तरी तुमचे अंक पुरे व्हावे लागतात."

सर टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मग शिट्टीची दोरी डोक्यावरून काढली, हातात गुंडाळली आणि खिशात ठेवली. त्यात तिला काही विशेष वाटलं नाही. तेवढा शहाणपणा तासाभरापूर्वी हवा होता.

शाळेतून ठकी आली. दप्तर खाली ठेवायच्या आत तिने खोक्यात पाहिलं.

"कुठे गेलं?"

"इथे आहे. भिजलंय. आवाज करू नकोस."

"कसं भिजलं?"

सर म्हणाले, "मी भिजवलं." ठकीने एकदा त्यांच्याकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि शहाण्यासारखी कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

साडेपाचला दवाखान्यातून फोन आला. दातांचे डॉक्टर होते. दुपारी पाठवलेली तुटकी कवळी सातपर्यंत जोडून हवीच होती. एक म्हातारे गृहस्थ ती न्यायला येऊन बसले होते, सकाळपासून उपाशी. तिने कपाळाला हात लावला. ते काम एका हाताचं नव्हतं. पावडर आणि द्रव एकत्र केलं की चार-पाच मिनिटांत आवळतं. एका हाताने तुकडे जुळवून धरायचे, दुसऱ्याने भरायचं. पिल्लाला आता धुगधुगी होती, मधूनच एखादी क्षीण चिवचिव. पण अंग अजून ओलसर होतं. खोक्यात ठेवलं असतं तर पुन्हा गार पडलं असतं. ठकीचे हात एवढेसे, आणि ती धरायला गेली की दाबत असे.

सर तिथेच उभे होते. पायजमा अंगावरच वाळत आला होता.

अगदी जिवावर आलं तिच्या. पण तिने कुर्त्यातून पिल्लू काढलं.

"बसा इथे. पोटाखाली हात. असा. वरून झाकू नका, श्वास घेऊ दे. दिवा एक वीत वर." तिने त्यांचा हात धरून दिव्याखाली ठेवला, सैल, सुरकुतलेला, तरी अजून रुंद. "मी सांगेपर्यंत हात काढायचा नाही. मी सांगेपर्यंत. कळलं?"

"कळलं."

"ऐकलंत?"

"ऐकलं."

तिने त्यांच्याकडे पाठ केली, खिडकीशी बसली आणि कामाला लागली. तुकडे जुळवले, द्रव ओतला, त्याचा उग्र वास नाकात गेला. हात सराईतपणे चालत होते, पण कान मागे होते. मागे सर काहीतरी पुटपुटत होते. थोडा वेळ तिने दुर्लक्ष केलं. मग ते शब्द कानावर आले, तशी तिची बोटं थांबली.

मोजत होते.

तिने तोंड उघडलं होतं वळून ओरडायला. पण कवळीत भरलेलं मिश्रण आवळत होतं, हात सोडता येईना. ती तशीच बसली आणि ऐकत राहिली.

"एकशे अठ्ठ्याण्णव," सर म्हणत होते, "एकशे नव्व्याण्णव, दोनशे."

जोड घट्ट झाला. तिने कानस घेतली आणि कडा घासल्या. पाचशे झाले. मग बारीक पावडर, ओलं फडकं, झिलई. ठकी दवाखान्यात कवळी देऊन आली, दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. येऊन स्टुलावर बसते तो हजार कधीच मागे पडले होते. बाहेर उजेड उतरला. खोलीत तेवढा तो एक दिवा, त्याखाली हात आणि हातात पिल्लू. आता ते चांगलं फुललं होतं. लव पुन्हा मऊ पिवळी, चोच सरांच्या अंगठ्यावर टेकवलेली, झोपलेलं.

"आजोबा, ते केव्हाच वाळलंय," ठकी म्हणाली.

"हो."

"मग ठेवा ना खोक्यात."

"तुझ्या आईने सांगितलं नाही अजून," सर म्हणाले, आणि पुन्हा आकड्याशी गेले. "दोन हजार तीनशे सहा."

ती ऐकत होती. दुसरी एक तयार कवळी तिच्या हातात होती, सकाळीच पूर्ण झालेली. कोरडं फडकं घ्यायला तिने खण ओढला. फडक्यावर फॉर्म पडलेला होता, एक कोपरा मुडपलेला. तिने तो बाजूला केला, फडकं घेतलं. खण बंद करायचा राहिला.

सरांचं कोपर थरथरत होतं. ते दुसऱ्या हाताने आधार देऊ बघत होते आणि पिल्लू जागं होईल म्हणून देत नव्हते. तिने थोडा वेळ ते तसंच थरथरू दिलं. मग उठली, आतून उशी आणली आणि कोपराखाली सरकवली.

"हात अवघडला असेल, बाबा."

मोजणं थांबलं. त्यांनी मान वर केली.

"काढू?"

तिला वाटलं, आपण हा प्रश्न कधीतरी ऐकलाय. मग लक्षात आलं, नाही, कधीच नाही.

"नको," ती म्हणाली आणि जाऊन तीच चकचकीत कवळी पुन्हा पुसायला लागली.