पाण्याची रेघ

तोलेगेन नऊ वर्षांनी इल्यारच्या तळघरातल्या दुकानाच्या पायऱ्या उतरला, तेव्हा मिठाचा, ओल्या दगडांचा आणि तापलेल्या दिव्यांचा तोच जुना वास अंगावर आला आणि कठड्याला धरून तो क्षणभर उभाच राहिला. कझाकस्तानातल्या अल्माटीहून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो कोस. अशा गावात काचेच्या टाकीत समुद्र पाळणारी माणसं थोडी चक्रमच असायची, आणि तोलेगेन त्या चक्रमांतला सगळ्यात काटेकोर म्हणून नावाजलेला होता.

उभी हयात त्याने भूकंपमापन केंद्रात सुयांची थरथर वाचण्यात घालवली होती. बायको गेली त्या वर्षी त्याने वरच्या डोंगरातल्या केंद्रावर बदली मागून घेतली, घराला कुलूप घातलं, आणि निवृत्तीचा कागद हातात पडेपर्यंत तो खाली राहायला म्हणून आलाच नाही. आता आला, तर बैठकीच्या खोलीतल्या टाकीच्या रिकाम्या जागेला वळसा घालून जायची पायांची सवय अजून तशीच होती. मुलगी मोल्दिर अस्तानाहून फोनवर म्हणाली, "पापा, विकून टाका ते घर, आणि इकडे या." तो हो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी टाकीच्या सामानाची यादी करायला बसला.

"आगा!" थोरल्या भावाला हाक मारावी तसा इल्यार गल्ल्यामागून उठत ओरडला. पूर्वीचा काडीसारखा उइगुर पोरगा आता चांगला पोट सुटलेला बाप्या झाला होता. "मला वाटलं, वरच लांडग्यांशी सोयरीक जुळवलीत."

"लांडग्यांनी पेन्शन दिली आणि हाकललं. हे घे, एवढं काढ."

इल्यारने यादी वाचली आणि त्याला हसू आवरेना. "ही संग्रहालयात द्या, आगा. या ट्यूब आता कुणी बनवतसुद्धा नाही. आणि हा पंप? अहो, हा गाढवासारखा घुरघुरायचा! नवा घ्या, चालू आहे की बंद ते हात लावल्याशिवाय कळत नाही."

"आवाज न करणारा पंप घेऊन मी काय करू?"

"लोक आवाज होत नाही म्हणून घेतात, तुम्ही होतो म्हणून घेणार!"

तोलेगेन दिव्यांच्या मांडणीकडे वळला. त्या घुरघुरीवर बावीस वर्षं त्याला आणि बायकोला झोप लागत होती, हे दुकानात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी त्याने नवे निळे दिवे घेतले, मळ फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र घेतलं, पाणी ऊबदार ठेवणारी नळी घेतली, साधं पाणी शुद्ध करणारा फिल्टर घेतला, विलायती समुद्री मिठाची एक मोठी बादली घेतली. पंप मात्र इल्यारने अडगळीतून जुनाच शोधून दिला, कपाळाला हात लावून.

"आणि हे तर घ्याच," तो म्हणाला. एक बोटभर लांबीचा संवेदक, एक छोटी मोटर, एक नळी. "टाकीतलं पाणी उडतं ना रोजचं? हे आपोआप साधं पाणी भरतं. हाताने कोण ओततं आता?"

"माझे हात आहेत अजून."

इल्यारने आग्रह केला नाही. तो आतल्या टाक्यांकडे गेला, आणि तोलेगेनला वाटलं होतं तेच झालं. इल्यारने एका टाकीवरचं झाकण सरकवलं. आत जाड हिरव्या बोटांचं, टोकाशी सोनेरी झालेलं एक प्रवाळ पाण्याबरोबर डुलत होतं. प्रवाळ पाळणाऱ्यांत एक रीत आहे. चांगलं प्रवाळ एकट्याच्या टाकीत ठेवायचं नाही, त्याचं कलम कापून दुसऱ्याकडे लावायचं, आणि आपलं मेलं तर त्याने त्याच्या प्रवाळाचं कलम आपल्याला परत द्यायचं. तोलेगेनच्या बायकोने, कामशातने, हे कलम इल्यारला दिलं होतं.

"झेंगेंची ठेव," इल्यार म्हणाला. वडीलभावाच्या बायकोला हाक मारावी तसा तो कामशातला झेंगेच म्हणायचा. "टाकी मुरू द्या महिनाभर. मग कापून देतो."

टाकी मुरली. थंडी पडली, इमारतीच्या नळांतून गरम पाणी फिरू लागलं, खोल्यांतली हवा पापडासारखी कोरडी झाली. तोलेगेनने काचेवर बाहेरून काळ्या चिकटपट्टीची एक रेघ लावली होती. रोज सकाळी पाणी त्या रेघेच्या बोटभर खाली गेलेलं असायचं, आणि पाच लिटर साधं पाणी ओतून तो ते रेघेवर आणायचा. मीठ घालायचं नसतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. मग तो दुर्बिणीसारखी छोटी नळी डोळ्याला लावून खारटपणा मोजायचा. पस्तीस, समुद्राइतकाच. नोव्हेंबरच्या अखेरीला कलम आलं, दोन दिवसांत त्याने बोटं पसरली, आणि तोलेगेन चहाचं वाडगं घेऊन तासन् तास समोर बसू लागला. एवढा जिवंत तो कैक वर्षांत नव्हता.

नवव्या सकाळी तो पाण्याचं भांडं घेऊन आला, तर पाणी रेघेवरच होतं.

हवा दमट असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही पाणी रेघेवर होतं. तिसऱ्या दिवशी त्याने खारटपणा मोजला, तर सदतीस भरला. आयुष्यभर सुया वाचलेल्या माणसाला यंत्राच्या खोड्या ठाऊक असतात. त्याने नळी पुसली, शुद्ध पाण्याने शून्यावर आणली आणि पुन्हा मोजलं. सदतीसच. मग त्याने स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बादली उघडली. टाकी भरून उरलेलं मीठ आणखी वीतभर खाली गेलं होतं. त्याने झाकणावर चिकटपट्टी गोल फिरवून लावली आणि तिच्यावर आडवी सही केली. सकाळी पट्टी जागच्या जागी होती, सही जुळत होती, आणि मीठ आणखी दोन बोटं उतरलं होतं.

तोलेगेन बादलीशेजारच्या स्टुलावर बसला. घाबरायला हवं हे त्याला कळत होतं. पण जे वाटत होतं ते भय नव्हतं.

कारण ही चूक एकाच माणसाची होती. कामशात अरालची, आटत गेलेल्या त्या समुद्राच्या काठची. तिचे वडील कोळी. ती सात वर्षांची असताना पाणी घरासमोर होतं, आणि दहा वर्षांची झाली तेव्हा वडिलांना सकाळी पाण्यापर्यंत पोचायला मोटारसायकल लागायची. टाकीतलं पाणी रेघेखाली दिसलं की ती जी बादली हाताशी असेल ती ओतायची, आणि हाताशी असायची ती नेहमी खाऱ्या पाण्याची. "पाणी खाली गेलेलं मला बघवत नाही," एवढंच म्हणायची. तो हसून निस्तरायचा. पण ती गेली त्या हिवाळ्यात तो पंधरा दिवस दौऱ्यावर होता, आणि परतला तेव्हा टाकीत एकही जीव उरला नव्हता. पाणी उडतं आणि मीठ राहतं, हे अरालच्या मुलीला कळू नये? समुद्र मारायचं तुमच्या रक्तातच आहे का? तो असं बोलला होता, शब्दन् शब्द. तिने बादल्या घासून उपड्या घातल्या. तीन आठवड्यांनी हृदयाच्या झटक्याने ती गेली, आणि त्या तीन आठवड्यांत तो तिच्याशी शब्दाला महाग झाल्यासारखा वागला होता.

आता तो रोज सकाळी टाकीतलं थोडं खारट पाणी काढायचा आणि साधं घालायचा. ती मीठ वाढवायची, तो उतरवायचा. दोघांचा असा संसार बारा दिवस चालला. तो मोठ्याने काही बोलला नाही, बोललो तर मोडेल असं वाटून, पण चहा करताना दोन वाडगी काढू लागला, आणि मोल्दिरला फोनवर म्हणाला, "घर विकायचं नाही. घरात माणूस आहे."

"कोण माणूस, पापा?"

"मी," तो म्हणाला.

पण त्याचं उतरवणं कमी पडत होतं. खारटपणा एकेचाळीसवर गेला आणि कलमाने बोटं आत ओढून घेतली. त्याने इल्यारला फोन केला. इल्यार तासाभरात पाणी आपोआप भरणारं ते यंत्र काखेत मारून आला, टाकीतलं पाणी जिभेला लावून थुंकला आणि म्हणाला, "आगा, हे काय लोणचं घालताय का? अजून चार दिवस, आणि कलम गेलं समजा. याची आई, माझ्याकडचं ते मोठं प्रवाळसुद्धा गेल्या आठवड्यात मेलं. आता हे एवढंच उरलंय." संवेदक बसवता बसवता त्याची नजर तोलेगेनच्या हातांवर गेली. बोटांच्या बेचक्यांत कातडी फुटली होती आणि भेगांत पांढरं मीठ बसलं होतं. "झेंगेंचे हात अस्से व्हायचे," तो म्हणाला. "मलम लावा."

तोलेगेनने हात पाठीमागे घेतले. साध्या पाण्याने हात फुटत नाहीत, मिठात घातले तरच फुटतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

यंत्र चांगलं होतं. पाणी रेघेखाली केसभर गेलं की मोटर दोन क्षण बोलायची आणि पाणी पुन्हा रेघेवर यायचं. तोलेगेन रोज थोडं खारट पाणी काढत राहिला, आणि आठवड्याभरात खारटपणा पस्तीसवर आला. कलम असं फुललं की पूर्वी कधी फुललं नव्हतं, सोनेरी टोकं निळ्या उजेडात लखलखू लागली. मिठाची बादली जिथल्या तिथे राहिली. सकाळी उठून तोलेगेनला करण्यासारखं काहीच उरलं नाही, आणि ओट्यावरचं दुसरं वाडगं चहावर साय धरून तसंच थंड होत राहिलं. घर रिकामं झालं होतं, डोंगरावरच्या नऊ वर्षांत झालं नव्हतं तेवढं. हातांच्या भेगासुद्धा भरून आल्या.

त्याने आठ दिवस काढले. नवव्या दिवशी यंत्राची पिन ओढली.

पाणी बोटभर उतरलं. कुणी भरलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन बोटं. ती रुसली आहे, त्याने ठरवलं. रुसण्यासारखंच बोललो होतो, आणि वर तिच्या हाताच्या जागी यंत्र बसवलं. तिसऱ्या दिवशी त्याने मोठ्याने माफी मागितली, बावीस वर्षांत मागितली नव्हती तशी, नाव घेऊन. जुना पंप घुरघुरत राहिला. चौथ्या दिवशी पाणी चार बोटं खाली होतं, आणि त्याला वाटलं, एवढं तिला खाली वाटतच नसेल. ती कुठल्या किनाऱ्यावर वाढली होती! तिला कळेल एवढं खाली जायला हवं.

भर दुपारी, लख्ख उजेडात, तो चहाचं वाडगं घेऊन टाकीपाशी उभा राहिला आणि पाणी उपसू लागला. उपसलेलं पाणी त्याने फेकलं नाही. बादल्यांत भरून स्वयंपाकघराच्या दारात ओळीने मांडलं, तिला उचलायला सोपं जावं म्हणून. पंपाचं तोंड उघडं पडलं आणि तो हवा गिळत घरघरून बंद झाला. दगडांचे माथे वर आले आणि बघता बघता फिके पडले. मग प्रवाळ उघडं पडलं. पाण्यात डुलणारी ती बोटं पाण्याबाहेर लुळी होऊन एकमेकांवर पडली, त्यांच्यातून एक चिकट धार लोंबू लागली, आणि सोनेरी टोकं एकेक करून आत गेली.

"कामशात," त्याने दाराकडे न बघता, अगदी मऊ आवाजात हाक मारली, "पाणी फार खाली गेलंय गं."

त्याने थोडा वेळ वाट पाहिली, आणि वाडगं पुन्हा बुडवलं.