उसातले केस

पुष्पावतीला जाऊन कार्तिकात वर्ष होत होतं. गहिनीनाथने वर्षश्राद्धाचं कीर्तन ठरवलं आणि महाराजांच्या पाठीमागे लावायचा फ्लेक्स करायला तो पाथर्डीला कल्याणच्या स्टुडिओत आला. बायकोचा फोटो एकच, मोबाईलवरचा. उसाच्या फडात उभी, मागं हिरवी पाती, वाऱ्याने केस उडालेले.

कल्याणने नेहमीचं काम केलं. ऊस पुसून मागं देवळाचा कळस टाकला. केसांत पाती गुंतलेली दिसली, म्हणून केस कडेने सरळ कापले आणि दुसऱ्या कुणाच्या फोटोतला जरीचा पदर डोक्यावर बसवला. गेलेल्या कितीतरी बायांना त्याने हाच पदर दिला होता. तक्रार कधी आली नव्हती.

गहिनीनाथ कॉम्प्युटरजवळ वाकला.

"चेहरा तिचाच हाय, भाऊ. पन ह्या बाईला मी कोन, ते ठावं न्हाई."

एकेक केस सोडवायचा तर दिवस जाईल, असं कल्याण म्हणाला. शिवाय दसऱ्यानंतर सगळं गाव ऊसतोडीला गेलेलं, फ्लेक्स बघायला आहे कोण, हेही तो हसत बोलून गेला.

"मी हाय की."

तोडीला कोयता लागतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला मुकादमाने घेतलं नव्हतं. गाड्या निघाल्या तेव्हा गहिनीनाथ फाट्यावर सगळ्यांना हात करून एकटाच माघारी आला होता.

कल्याणने पदर काढला. फोटो मोठा करून तो केस सोडवू लागला. केस कुठला आणि पातं कुठलं हे कळेना, तिथं गहिनीनाथ बोट ठेवायचा. मोळ्या वाहून टाळूवरचे केस चपटे झालेले, कानाजवळचे मोकळे. ते ती मनगटाने मागं सारायची, हेही त्याने सांगितलं. शेवटच्या एसटीच्या वेळेला काम संपलं.

कीर्तनाला चार म्हातारी माणसं आणि टाळकरी. तरी महाराज मंडप भरल्यासारखे रंगून गायले; नामाला गर्दी लागत नाही. गहिनीनाथ अगदी पुढे बसून होता. टाळ्या वाजवायचं तो मधेच विसरायचा.

असे फ्लेक्स नंतर कडब्याच्या गंजीवर झाकायला जातात. शेजारच्या आक्काबाईने तो मागितलाही. गहिनीनाथने नाही म्हणून मान हलवली, गुंडाळी करून घरी नेला आणि आतल्या भिंतीला लावला.

मग चूल उचलून बाहेर ओट्यावर मांडली. आत धूर नको.