रिकामी मीठदाणी

आमच्या खानावळीत मिठाला माप कधीच नव्हतं. आमचे हे पातेल्यातलं सूप तळहातावर घ्यायचे, चाटायचे, डोळे मिटायचे आणि मुठीने मीठ टाकायचे. मी गल्ल्यावर. लग्न झाल्यापासून बघत आले, पण "कसं झालंय?" असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. त्यांच्या जिभेपुढे माझ्या मताला विचारतो कोण!

मग त्यांचे पाय सुजले. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. बाई वयाने लहान, हसऱ्या, पण मिठाचा विषय निघाला की एकदम कडक. "काका, मीठ कमी केलं नाही तर सूज परत येईल. पुढच्या वेळी फुप्फुसात पाणी साठेल." घरचा स्वयंपाक त्यांनी माझ्यावर सोपवला. लिंबू, लसूण, मिरी हवी तेवढी. मीठ फक्त नावाला.

बाहेर पडताच ह्यांनी फर्मान सोडलं. "शिक्षा मला झालीये, तुला नाही. तू आपलं नीट मीठ घालून खायचं. माझ्यापायी अळणी खाताना दिसलीस तर पथ्य सोडलं म्हणून समज."

हट्टी माणूस, खरंच सोडलं असतं. म्हणून जेवताना मी माझ्या ताटावर मीठदाणी हलवायचे. मीठ दमट होऊ नये म्हणून आत तांदळाचे दाणे टाकलेले असतात, ते छान खुळखुळायचे. मीठ मात्र त्यात नव्हतंच. समोर हे फिकं गिळताहेत आणि मी चवीढवीचं खायचं, ते माझ्या घशाखाली उतरेना. दुसरं काही नाही.

सूज ओसरली. जुने बूट पायात जाऊ लागले. मी निवांत झाले, आणि तेवढ्यात समोरच्या शिंप्याने एका दुपारी चमचा खाली ठेवला. माणूस रोजचाच, आणि कुरकुरही रोजचीच. पाठीमागे आम्ही त्याला किरकिरे म्हणतो.

"वहिनी, सूप आहे की हात धुवायचं पाणी?"

मी हसण्यावारी नेलं. पण मग बाकीचेही मीठ मागू लागले. छापखान्यातले कामगार यायचेच बंद झाले. ह्यांच्या कानावर गेल्यावाचून राहतंय थोडंच! स्वयंपाकघरात उलट्या खोक्यावर ते डोकं धरून बसले.

"माझी जीभ गेली गं. मला सूप बरोबर लागतंय, आणि लोक पाणी म्हणतात. जीभच गेली तर मी कसला आचारी? बास झालं पथ्य. उद्यापासून पहिल्यासारखं खाणार."

"आणि फुप्फुसात पाणी साठलं म्हणजे? मी गल्ल्यावर कुणासाठी बसू?" असं म्हणून मी त्यांना तशीच बाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या. "जीभ गेली नाही, काका. कमी मिठाला सरावलीये. तिला आता थोडंसं मीठही पुरेसं वाटतं. पथ्य नीट चाललंय, त्याचीच ही खूण. खानावळीतलं मीठ फक्त दुसऱ्या कुणाला तरी चाखू द्या. ज्याला पथ्य नाही अशा कुणाला."

दुसऱ्या कुणाला! सकाळी पातेलं उकळलं, तसा ह्यांनी चमचा भरला, फुंकर घातली आणि माझ्यासमोर धरला.

"बघ. कसं झालंय?"

माझे डोळेच भरून आले. त्या आनंदात बाकीचं सगळं विसरले. त्यांच्यासारखेच डोळे मिटले, चव घेतली आणि म्हणाले, "अगदी बरोबर!"

दुपारी किरकिऱ्यांनी पहिला घोट घेतला. "वहिनी, आजही हात धुवायचंच!"

स्वयंपाकघराच्या दारातून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी मान खाली घालून सुटे पैसे लावत बसले.

गर्दी सरल्यावर आम्ही जेवायला बसलो. सवयीने मी मीठदाणी उचलली. ती त्यांनी माझ्या हातातून घेतली, झाकण काढलं आणि तळहातावर उलटी केली. तांदळाचे दाणे पडले. बाकी काही नाही.

"कधीपासून?"

"तुमच्याबरोबरच." आता हे पथ्य मोडणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले.

त्यांनी दाणे परत मीठदाणीत भरले. "आणि मी आपला समजत होतो, एकटाच भोगतोय," म्हणाले, आणि उठून थेट दारात गेले. रस्त्यापलीकडे हाक मारली, "अहो, उद्यापासून सूप उकळलं की चाखायला या! तुम्ही सांगाल तेवढं मीठ. पैसे नको."

"मग मी कुरकुर कशावर करू?" तिकडून उत्तर आलं.

हे परत येऊन बसले. लिंबाची अर्धी फोड माझ्या ताटात पिळली, अर्धी स्वतःच्या. पहिला घास घेऊन मी खाली बघत चावत होते.

"कसं लागतंय?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? माझीही जीभ तुमच्यासारखीच झालीये."

"खानावळीसाठी नाही विचारत," ते म्हणाले. "आपल्या दोघांसाठी विचारतोय."