शापित व्हिडिओतल्या बाई

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. माझ्या भिंगावर ओरखडा आहे, झाकण केव्हाच हरवले. एका घड्याळजीने लग्नानंतर मला हौसेने विकत घेतले. त्याची बायको पहिलीच्या वर्गाची शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणत, नवरासुद्धा. शाळेतली नाटुकली मी टिपायचो, तेव्हा माझे केवढे कौतुक होते!

मग एका सकाळी बाईंचे तोंड वाकडे झाले. डावा डोळा मिटेना, प्यायलेले पाणी ओघळू लागले, बोलणे कळेना. डॉक्टरांनी व्यायाम दिले. म्हणाले, रोज चित्रण करा, सुधारणा दिसली की धीर येईल. रोज दुपारी बाई माझ्यासमोर बसत. गाल फुगवत, दात दाखवत, "प, ब, म" म्हणत. तीन महिन्यांनी त्या "पाटी" स्पष्ट म्हणाल्या, तेव्हा घड्याळजीने लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. शाळेत परतायचा दिवसही ठरला.

चित्रणे संगणकावर उतरवायला पुतणीला बोलावले होते. तिने गंमत म्हणून एक तुकडा उचलला, संथ केला, मागे घरघर जोडली आणि इंटरनेटवर सोडला. कोणी लिहिले, ही बाई मेलेली आहे. दुसऱ्याने भर घातली, शेवटपर्यंत पाहणाऱ्याचे तोंड वाकडे होते. हां हां म्हणता तो व्हिडिओ घरोघरी पोचला.

बाई वर्गात शिरल्या आणि थोरल्या भावंडांच्या फोनवर तो चेहरा पाहिलेली मुले किंचाळत बाकांखाली लपली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, थोडे दिवस घरीच थांबा. पालकांचे सारखे फोन येताहेत."

पुतणी रडत आली. "काकू, चुकलं माझं. काढून टाकलाय मी तो. खरं काय तेही लिहिलं, की ही माझी काकू आहे, आजारी होती."

"मग?" घड्याळजीने विचारले.

"लोक म्हणतात, ही पण त्या गोष्टीतलीच. आणखी घाबरवायला लिहितेय."

दुसऱ्या दुपारी घड्याळजीने मला नेहमीच्या जागी मांडले. बाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या. आता माझी मलाच भीती वाटते."

व्यायाम तिथेच थांबले. डोळा अर्धवट उघडा राहिला तो राहिलाच. शाळेने नव्या बाई नेमल्या. मी कपाटात पडून आहे. खरे काय ते मी पाहिले आहे, पण मला कोण विचारणार?

मित्रांनो, तो व्हिडिओ कधीतरी तुमच्याकडेही येईल. पुढे पाठवू नका. हवा तर शेवटपर्यंत पाहा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. जिचे वाटोळे व्हायचे, तिचे होऊन गेले आहे.