पोरीची हाक

आमच्या मळ्यात हळू बोलणारा माणूस तुमाला सापडायचा न्हाई. ही सवय बिबट्यानं लावली. महाळुंगे पडवळला आमचं घर गावाबाहेर, तिन्ही अंगांनी ऊस. उसातच मादीचं बाळंतपण, उसातच तिची पिल्लं मोठी व्हतात. वनखात्याची गाडी येऊन भोंग्यावर सांगून गेली, एकटं फिरू नका, फिरलात तर बोलत फिरा, मोबाइलवर गाणी लावा. झालं! तवापासनं बाया गवताला गेल्या तरी भांडल्यागत बोलतात. शेजारचा गेणभाऊ तर परसाकडं जाताना बी खोकत जातो.

आता मला सांगा, असल्या ठिकाणी एखादा माणूस बहिरा व्हायला लागला तर कुणाला कळणार?

आमचं म्हातारं, नाव हौशीराम, या वयात नाव घ्यायला कसली आलीय लाज, खिशात मोबाइल घालून भजन लावून फिरायचं. आदी बारीक, मंग मोठं, मंग इतकं मोठं की फाट्यावरच्या लोकांना बसल्या जागी अभंग पाठ व्हावा. बिबट्या नरडं धरतो म्हणून माणसांनी गळ्यात बांधायचा खिळ्यांचा पट्टाबी सगळ्यांच्या आदी यांनीच बांधला. गेणभाऊ सगळ्यांना सांगायचा, "सावध ऱ्हावं तर हौशीरामभाऊंसारखं." घरात टीव्ही दणाणायचा. बोलायचं तर वरडून. आमी म्हणायचो, मळ्यातली सवय. चार हाका मारल्या की एकदा ओ यायची, तर मी म्हणायची, "लग्न झाल्यापासनं हेच चाललंय, यात नवं काय?"

आमचा आदेश चाकणला कंपनीत. सून हर्षाली मंचरला दुकानात कामाला जाती. त्यांची पोरगी समृद्धी, आमची समू, दुसरीत हाय. शाळेची गाडी तिला फाट्यावर सोडायची अन् तिथनं उसाच्या वाटेनं घरी आणायचं काम यांचं. काम कसलं, जीव व्हता तो त्यांचा. जेवण झालं की पट्टा बांधून बसायचे. "आवं, अजून लई येळ हाय," म्हणलं तर म्हणायचे, "पोरगी उभी ऱ्हाईल ना!"

कार्तिकात दिवस लवकर मावळतो. त्या दिवशी गाडीला उशीर झाला. मी गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा गोळा करत व्हते. वाटेनं तिघं येताना दिसली. हे, यांचा हात धरून समू, अन् मागं आमचा कुत्रा वाघ्या. तेवढ्यात टिटवी वरडायला लागली. टिटवी उगाच वरडत न्हाई. मी उठून उभी ऱ्हायले, अन् बघते तर बांधाजवळचा ऊस हलला.

वाघ्या केकाटला. तसलं केकाटणं देवानं कुणाला ऐकवू नये. समूनं मागं बघितलं अन् वरडली, "आबा! आबा! वाघ्याला नेलं!" यांचा हात दोन्ही हातांनी वढायला लागली. अन् हे? छातीशी भजन चाललेलं, नजर घराकडं. पोरगी दमली असं वाटलं त्यांना. "चल चल बाळा, आज्जी वाट बघती," म्हणून तिला पुढं वढलं. मी गच्चीवरनं घसा फाटस्तवर वरडले, "आवं पळा! मागं बघा!" तर माझ्याकडं बघून हसले अन् हात हलवला.

अंगणात आले तवा पोरीचा शाळेचा झगा ओला झालेला. दातखीळ बसल्यागत उभी. अन् हे मागं वळून वाटेकडं बघत हाका मारतायत, "वाघ्या, ए वाघ्या! कुठं ऱ्हायला रे हा?"

पोरीनं त्यांच्याकडं बघितलं. रडली बी न्हाई.

रातच्याला जेवणं कुणाला गेली न्हाईत. हर्षाली मला म्हणाली, "आत्या, आबांना दुखवायचं न्हाई मला. पण उद्यापासनं समूला मी आणणार. दुकानातनं लवकर निघंन." आई हाय ती. दुसऱ्या दिवशी हे येळेवर पट्टा बांधून उठले, तर हर्षालीची गाडी पोरीला घेऊन दारात आलेली. त्यांनी पट्टा सोडला अन् खुंटीला अडकवला. अर्ध्या तासानं परत काढून हातात घेऊन बसले.

आदेशनं सुट्टी काढून मंचरला कानाच्या डॉक्टरणीकडं नेलं. मी बी गेले. काचेच्या खोपटात बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आमचं म्हातारं लबाड. काचेतनं डॉक्टरणबाईचा हात हलताना दिसायचा, की लगेच बटण दाबायचे. मला तर वाटलं, चला, पास झाले! बाईच्या ध्यानात आलं. तिनं खुर्ची फिरवली अन् यांच्याकडं पाठ केली. मंग काय, बटण तसंच ऱ्हायलं. हे काचेतनं माझ्याकडं बघायला लागले, आता दाबू का म्हणून. मी काय सांगणार, मला तरी कुठं ऐकू येत व्हतं आतलं.

बाई म्हणाली, "हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते मशीन मोठं करून देईल. रोज घाला, सवय व्हायला वेळ लागतो."

यांनी घरी येऊन सुनेलाच विचारलं. कधी कुणापुढं हात पसरला न्हाई त्या माणसानं, पण त्या दिवशी म्हणाले, "हर्षाली, मशीन घातलं तर पोरगी आणू का मी?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आबा, तिनं मागनं मारलेली हाक तुमाला ऐकू आली, की आणा खुशाल."

मशीन आलं. पहिले काही दिवस भांडं पडलं तरी दचकायचे. चिमण्यांना हाकलायला उठायचे. चुलीपाशी मी भाकरी थापत व्हते, तर माझ्याकडं बघत बसले अन् म्हणाले, "तुझ्या बांगड्या अजून वाजत्यात व्हय गं?" इतक्या वर्षांचा संसार, पण त्या दिवशी मी पदरानं तोंड पुसलं.

मंग रोज सांजच्याला परीक्षा. हे ओट्यावर गोठ्याकडं पाठ करून बसायचे, मशीन घालून, हाक आली की एक हात वर करायला तयार. म्हणायचे, "समू, गोठ्यापाशी जा अन् मला हाक मार. हळूच मार हां."

पोरगी जायची. उभी ऱ्हायची. मी बघत असायची. तिचं तोंड उघडायचंच न्हाई. थोड्या येळानं यायची अन् यांचा सदरा वढायची. हात तसाच अर्ध्यावर. "मारली का हाक?" म्हणून विचारायचे. ती नुसती बघायची.

हर्षालीनं समजावलं, मी चिक्की दिली, जवळ घेतलं. "अगं, मार की येक हाक आबांना. तुझ्यासाठी तर कानात ते घातलंय." तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणती, "आज्जी, आबांना हाक मारली तरी ते बघत न्हाईत." रुसली असती तर समजूत काढली असती हो. राग असता तर चार दिवसांनी गेला असता. ती तर उन्हात चटका बसतो असं सांगावं, तसं सांगत व्हती. त्यावर काय विलाज करायचा, सांगा कुणीतरी मला.

काल सांजच्याला हे ओट्यावरनं उठले अन् चिडून माझ्याकडं आले.

"सारजे, फसवं हाय हे. चिमणी धरतं, तुझ्या बांगड्या धरतं, पोरीचा आवाज तेवढा धरीना. आदेशला म्हण, बदलून आण."

मशीन कानातनं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मशीन चांगलं हाय, हे मला सांगायचं व्हतं. मंग पोरगी गप का, तेबी सांगावं लागलं असतं. "म्हणते," म्हणलं. त्यांनी माझ्या ओठांकडं बघून मान हलवली.

तेवढ्यात गोठ्याकडनं समू वरडली, "आज्जीऽ! शेळी सुटली गं!" चांगली खणखणीत. हाक पार फाट्यापत्तोर गेली असंल.

हे माझ्या हाताकडं वाकून बघत व्हते, मशीनला कुठं चीर गेलीय का म्हणून.